डेनिस लॉ यांचा वाढदिवस आणि तुमचं एक मत
(स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनला खुलं पत्र)

ॲबर्डीन, २४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
संचालक मंडळ, स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन,
हॅम्पडेन पार्क, ग्लासगो

सन्माननीय पदाधिकारी,

आज स्कॉटलंडचे थोर फुटबॉलपटू डेनिस लॉ असते तर ८५ वर्षांचे झाले असते. १७ जानेवारीला ते गेले. ११ फेब्रुवारीला मँचेस्टरमध्ये त्यांची अंत्ययात्रा ओल्ड ट्रॅफर्डवरून, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावरून, गेली, त्या दिवशी त्यांच्या या जन्मगावी मी ड्यूटीवर होते. मी नर्स आहे. ज्यांना स्वतःचं घर, स्वतःची माणसं ओळखू येईनाशी झाली आहेत, अशांची काळजी घेणं हे माझं रोजचं काम. लॉ यांना शेवटची काही वर्षं कोणता आजार होता, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी तो लपवला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं की आपल्याला अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश, असे दोन्ही एकत्र झाले आहेत.

तुम्ही त्यांना श्रद्धांजली वाहिलीत. ती मनापासून होती, याबद्दल मला शंका नाही. पण येत्या शनिवारी, १ मार्चला, बेलफास्टमध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाची वार्षिक सभा आहे, आणि त्या सभेत तुमचं मत आहे. गोलकीपरने चेंडू हातात किती सेकंद धरावा, यावर तिथे निर्णय व्हायचा आहे असं मी वाचते आहे. मैदानावर डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला तपासायला डॉक्टरला किती मिनिटं मिळावीत, याबद्दल मात्र मला कुठे एक ओळ दिसली नाही. म्हणून हे पत्र. इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर टपालाने पाठवली आहे. ही मराठीत लिहिते आहे, कारण तुम्ही शनिवारी जे ठरवाल ते कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरही लागू होणार आहे, आणि तिथल्या आईवडिलांना ते कळलं पाहिजे.

मी शिवाजी पेठेतली. आमच्याकडे तालमींचे फुटबॉल संघ आहेत. कुस्तीच्या आखाड्यांतून उभे राहिलेले हे संघ आहेत, आणि पेठेपेठेतली ईर्ष्या दर हंगामात मैदानावर येते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, दिवसभर उद्यमनगरात फौंड्रीत काम करायचे आणि संध्याकाळी खेळायचे. फॉरवर्ड होते. त्यांची ओळखच ‘हेडचा प्लेअर’ अशी होती. कॉर्नर मिळाला की लोक त्यांच्या नावाने ओरडायचे. सराव काय, तर एकजण चेंडू फेकतोय आणि आप्पा डोक्याने परत पाठवताहेत. अंधार पडेपर्यंत तेच. पावसाळ्यात चेंडू चिखलाने जड झालेला असायचा. घरी आल्यावर ते कपाळाला बाम लावून बसत, आणि आई म्हणायची, ‘दुखतंय तर कशाला मारता?’ त्यावर ते नुसते हसायचे.

वयाच्या बासष्टाव्या वर्षी ते फौंड्रीतून घरी यायचा रस्ता चुकले. त्यानंतरची पाच वर्षं मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगावं लागत नाही, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून कळत नाही. एकच सांगते. दिवेलागणीला ते उठून बसायचे, कॉटखाली हात घालून बूट शोधायचे आणि म्हणायचे, ‘मॅच आहे, पोरं थांबलीत.’ डॉक्टरांनी रक्तदाब विचारला, साखर विचारली, घरात कुणाला होतं का ते विचारलं. ते फुटबॉल खेळायचे का, हे कुणी विचारलं नाही. मी स्वतः या कामात असून मलाही सुचलं नाही. २०१७ मध्ये ते गेले.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, तुमच्याच ग्लासगो शहरातून माजी फुटबॉलपटूंच्या मेंदूच्या आजारांवरचा अभ्यास आला. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत मी तो वाचला, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आप्पांना स्मृतिभ्रंश हेडिंगमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. डेनिस लॉ यांच्याबद्दलही म्हणणार नाही. एका माणसाच्या आजाराचं कारण बाहेरून असं बोट ठेवून दाखवता येत नाही, हे माझ्या कामानेच मला शिकवलंय. पण हजारो माणसांचा हिशेब एकाच दिशेला झुकतो, तेव्हा ज्यांच्या हातात नियम आहेत त्यांना गप्प बसता येत नाही.

आता लॉ यांच्याविषयी. तुम्हाला ते आकड्यांनी माहीत आहेत: स्कॉटलंडकडून ५५ सामने, ३० गोल. हा विक्रम केनी डॅल्ग्लिश यांच्याबरोबर आजही त्यांच्या नावावर आहे, आणि डॅल्ग्लिश यांना तेवढ्याच गोलांसाठी १०२ सामने लागले. मला मात्र ते या गावातून माहीत आहेत. वूडसाइड भागातल्या प्रिंटफील्ड टेरेसवरच्या भाड्याच्या घरात, मासेमारीच्या बोटीवर राबणाऱ्या बापाच्या पोटी जन्मलेलं सातवं, शेंडेफळ. बाराव्या वर्षापर्यंत पायात काही नसायचं. फुटबॉलचे पहिले बूट शेजाऱ्यांनी वाढदिवसाला दिलेले. एका डोळ्यात तिरळेपणा, नाकावर जाड चष्मा. खेळताना चष्मा काढून ठेवायचा आणि तो डोळा मिटून घ्यायचा! हडर्सफील्ड टाउनने १९५५ मध्ये त्यांना घेतलं तेव्हा तिथल्या मॅनेजरला हा किडकिडीत, चष्मिस पोरगा खेळाडू वाटलाच नव्हता. डोळ्याचं ऑपरेशन तिथे गेल्यावर झालं. १९५६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, सोळाव्या वर्षी, ते पहिल्या संघातून खेळले आणि अठराव्या वर्षी तुमच्या निळ्या जर्सीत कार्डिफला वेल्सविरुद्ध उतरून गोल करून आले.

उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. तरीही त्यांच्यापेक्षा वीतभर उंच बचावपटूंच्या वर ते उडी घेत आणि क्षणभर हवेत थांबल्यासारखे दिसत. जुन्या चित्रफिती मी मुलाबरोबर अनेकदा पाहिल्यात. चेंडू येतो, सगळे उडी मारतात, सगळे खाली येतात, आणि हा माणूस अजून वरच असतो. मग मान झटकल्यासारखी हलते. गोल झाला की बाहीचं टोक मुठीत पकडून एक हात वर. लोकांनी त्यांना ‘राजा’ म्हटलं ते याच खेळासाठी, आणि त्या खेळातला मोठा वाटा त्यांच्या डोक्याचा होता.

या डोक्यावर आणि पायांवर किती पैसा फिरला तेही पाहा. १९६० मध्ये मँचेस्टर सिटीने त्यांच्यासाठी ५५,००० पौंड मोजले, तो ब्रिटनमधला विक्रम होता. त्या काळात खेळाडूचा कमाल पगार आठवड्याला २० पौंड ठरलेला होता. ती मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये उठली. त्याच महिन्यात ल्यूटनविरुद्धच्या कपच्या सामन्यात त्यांनी एकट्याने सहा गोल केले. पावसाने मैदानाचं तळं झालं, सामना अर्धवट सोडून दिला गेला आणि सहाही गोल पुसले गेले. पुन्हा खेळवलेल्या सामन्यात सिटी हरली. सिटीचा एकुलता गोलही लॉ यांचाच होता. त्या उन्हाळ्यात इटलीच्या तोरिनो क्लबने त्यांना १,१०,००० पौंडांना नेलं. तिथे मोटार अपघातातून ते थोडक्यात वाचले. पुढे आपल्याला न विचारता युव्हेंटसला विकायचं ठरलंय असं कळल्यावर त्यांनी सरळ विमान पकडलं आणि ॲबर्डीनला, घरी, निघून आले. गुरं विकावीत तसा व्यवहार आणि त्यातून पळून आईच्या दारात आलेला बावीस वर्षांचा मुलगा. त्यांच्या कारकिर्दीतला हा प्रसंग मला सगळ्यात जास्त लागतो. जुलै १९६२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्यांना १,१५,००० पौंडांना घेतलं. पुन्हा विक्रम.

युनायटेडकडून ४०४ सामने, २३७ गोल. १९६३-६४ च्या एका हंगामात ४६, जे त्या क्लबमध्ये अजून कुणाला जमलेलं नाही. १९६४ मध्ये बॅलन दोर, म्हणजे युरोपातल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. हा मान मिळालेले ते आजवरचे एकमेव स्कॉटिश खेळाडू. १९६५ आणि १९६७ ची लीग विजेतेपदं. पण १९६६ मध्ये त्यांनी पगारवाढ मागितली, तेव्हा युनायटेडचे मॅनेजर मॅट बस्बी यांनी त्यांना विक्रीच्या यादीत टाकलं आणि जाहीर माफी मागायला लावली. वाढ आतून दिली गेली, हे लॉ यांनी पुढे सांगितलं. म्हणजे मागणी रास्त होती, फक्त खेळाडूने ती उघडपणे मागायची नव्हती. आणि गुडघा! दुखऱ्या गुडघ्यात कॉर्टिझोनची इंजेक्शनं घेत ते खेळत राहिले. १९६८ मध्ये क्लबने युरोपियन कप जिंकला तेव्हा ते इस्पितळात होते.

गुडघ्याचं दुखणं सगळ्यांना दिसत होतं. लंगडत होते, सूज होती, तरी सुई देऊन खेळवलं. मग जे दिसतच नव्हतं, त्याची चौकशी कोण करणार होतं?

१५ एप्रिल १९६७ चा वेम्बलीचा सामना इथे आजही लोकांच्या तोंडी आहे. जगज्जेत्या, १९ सामने न हरलेल्या इंग्लंडला स्कॉटलंडने ३-२ असं हरवलं आणि पहिला गोल लॉ यांनी केला. त्या दिवशी मैदानात असलेल्या २२ जणांची यादी तुमच्या दप्तरात असेल. ती एकदा काढा. इंग्लंडचे रे विल्सन, मार्टिन पीटर्स, जॅक चार्ल्टन, नॉबी स्टाइल्स, बॉबी चार्ल्टन. आणि आमचे डेनिस लॉ. बावीसपैकी निदान सहाजण स्मृतिभ्रंशाने ग्रासून गेले. नॉबी स्टाइल्स यांनी २०१० मध्ये, घरच्यांना काही ठेवता यावं म्हणून, आपलं विश्वचषकाचं पदक लिलावात विकलं.

आता तुमच्यापुढे माझ्या तक्रारी ठेवते. त्याआधी जे चांगलं केलंत ते नाकारत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडिंग नको, असं तुम्ही सांगितलंत. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्यावसायिक क्लबांना सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडिंग टाळायला सांगितलंत. सगळ्या खेळांसाठी डोक्याच्या दुखापतीची मार्गदर्शिका सामान्य लोकांपर्यंत नेण्यातही स्कॉटलंड पुढे होता: ‘शंका असेल तर खेळाडूला बसवा.’ परक्या देशातून आलेली आई म्हणून मला त्याचा अभिमान वाटला होता, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना जड जातंय.

पहिली गोष्ट. ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडू आणि त्यांच्याच वयाची, तशाच परिस्थितीतली २३,००० हून अधिक सामान्य माणसं यांची तुलना केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंत साडेतीन पट निघालं; अल्झायमरचं सुमारे पाच पट. हेच खेळाडू हृदयविकाराने मात्र इतरांपेक्षा कमी मेले. म्हणजे हाडापेराने ही माणसं अधिक निरोगी होती, आणि तरीही मेंदू आधी गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये, लॉ यांनी आपला आजार जाहीर केला त्याच महिन्यात, याच गटाने पुढचं सांगितलं: क्वचितच डोकं लावणाऱ्या गोलकीपरांचा धोका सामान्य माणसांच्या जवळपास, तर बचावपटूंचा जवळजवळ पाच पट, आणि कारकीर्द जितकी लांब तितका धोका जास्त. जुन्या काळचा कातडी चेंडू जड होता म्हणून तसं झालं, आताचं वेगळं, असं म्हणणाऱ्यांनाही त्यात उत्तर आहे. जन्माच्या दशकांनुसार पाहिलं तरी धोका कमी होताना दिसला नाही. कोरड्या चेंडूचं वजन नियमाने तेव्हाही तेवढंच होतं आणि आजही ४१० ते ४५० ग्रॅमच आहे, आणि आताचा चेंडू जास्त वेगाने येतो.

हे खेळाडू तुमचे होते. नावं तुमच्या नोंदींतली, शहर तुमचं. आणि तरीही तुमच्या २०२२ च्या सूचना सूचनाच राहिल्या. पाळल्या नाहीत तर काय, याचं उत्तर त्यांत नाही. क्लबमध्ये आठवड्याला किती हेडर मारून घेतले जातात याची वही कोण ठेवतं, ती कोण तपासतं? ज्यांनी विचारलं त्या पालकांना काय सांगितलं जातं, ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. आजोबांसारखाच फॉरवर्ड. कॅथरीन स्ट्रीटवर लॉ यांच्या नावाचं छोटं मैदान आहे, त्यांच्याच नावाच्या ट्रस्टने गल्लीतल्या पोरांसाठी केलेलं. तिथे तो चेंडू मारायला शिकला. गेल्या शरद ऋतूत त्याच्या क्लबच्या एका सामन्यात (क्लबचं नाव मी घेणार नाही) त्याची आणि दुसऱ्या एका मुलाची डोकी एकमेकांवर आपटली. दोघंही पडले. पाणी मारलं, दोन बोटं दाखवली, कोणता दिवस ते विचारलं आणि दोघंही परत खेळायला लागले. सगळ्याला दोन मिनिटंही लागली नसतील. मी रेषेबाहेरून ओरडले, तेव्हा मला सांगण्यात आलं की मुलगा स्वतःच ठीक आहे म्हणतोय. रात्री आठला त्याला उलट्या सुरू झाल्या. रात्र आपत्कालीन विभागात गेली. नशिबाने तो बरा झाला. नंतर मी विचारलं की तुमच्या मार्गदर्शिकेत बसवा असं लिहिलंय ना? उत्तर मिळालं, ‘ती मार्गदर्शिका आहे, नियम नाही.’

ते उत्तर देणाऱ्या माणसावर माझा राग नाही. शनिवारची सकाळ सोडून मुलांना फुकट शिकवणारा तो माणूस आहे. तो खरंच बोलला. ही दुसरी तक्रार त्याच्यावर नाही, तुमच्यावर आहे.

तिसरी, आणि शनिवारच्या सभेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. रग्बीत डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर नेतात, तेवढा वेळ दुसरा आत येतो, डॉक्टर शांतपणे तपासतात, ठीक असेल तर तो परत येतो. फुटबॉलमध्ये २०२१ पासून कायमच्या बदलीचे प्रयोग झाले आणि तीच पद्धत आता नियमांत पर्याय म्हणून आली. कायमची बदली म्हणजे बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येणार नाही. मग काय होतं? डॉक्टरला गवतावर गुडघे टेकून, हजारो लोकांच्या आरडाओरड्यात, घाईघाईत ठरवावं लागतं. मॅनेजरला आपला मुख्य स्ट्रायकर गमवायचा नसतो, आणि खेळाडूला तर नाहीच नाही. इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिका इथल्या वरिष्ठ लीगनी तात्पुरत्या बदलीचा प्रयोग करू द्या म्हणून विचारलं होतं. २०२३ च्या सुरुवातीला नियम मंडळाने त्याला परवानगी दिली नाही.

त्या मंडळात आठ मतं आहेत. चार फिफाची, आणि एकेक इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंड व तुमचं. नियम बदलायला सहा लागतात. १८८६ पासून तुम्ही तिथे बसता. दोनशेहून अधिक देशांचं सगळं फुटबॉल मिळून चार मतं, आणि पंचावन्न लाखांच्या स्कॉटलंडचं स्वतंत्र एक. भारताला स्वतःचं एकही नाही. आमच्या पेठेतला पोरगा ज्या नियमाने खेळतो त्यावर आमच्या लोकांचा थेट अधिकार शून्य आणि तुमचा अष्टमांश आहे. या विषयावर आजवर तुम्ही काय भूमिका घेतलीत, हे ना मला माहीत आहे ना तुमच्या इथल्या सभासदांना. हे झाकून ठेवण्यासारखं काय आहे?

चौथी गोष्ट थोडक्यात. लहान मुलांच्या हेडिंगवरचा तुमचा २०२० चा निर्णय सरावापुरता होता. सामन्यात मुलं डोकं लावतच राहिली. इंग्लंडने त्यानंतर सात ते अकरा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांतूनच हेडिंग टप्प्याटप्प्याने काढायला घेतलं. पहिलं पाऊल आपण टाकलं, आणि आता शेजारी पुढे गेला.

पाचवी, जे खेळून झालेत त्यांची. डंडी युनायटेडचे फ्रँक कोपेल यांना साठीच्या आतच स्मृतिभ्रंश झाला. पासष्टीच्या आत होते, म्हणून घरगुती काळजीचा खर्च सरकारकडून मिळेना. २०१४ मध्ये ते गेल्यावरही त्यांच्या पत्नी अमांडा लढत राहिल्या आणि एप्रिल २०१९ मध्ये स्कॉटलंडमध्ये कायदा बदलला. आज माझ्या वॉर्डातल्या कितीतरी घरांना, ज्यांचा फुटबॉलशी काही संबंध नाही, त्याचा आधार मिळतो. हे एका विधवेने केलं. दक्षिणेकडे, इंग्लंडमध्ये, वेस्ट ब्रॉमविचचे स्ट्रायकर जेफ ॲस्टल ५९ व्या वर्षी गेले तेव्हा, २००२ मध्ये, तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूचं कारण व्यवसायजन्य आजार असं नोंदवलं. पुढे बारा वर्षांनी डॉ. स्टुअर्ट यांनी त्यांचा मेंदू पुन्हा तपासला आणि वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा आजार त्यात सापडला. तेही प्रकरण त्यांच्या मुलीने, डॉन यांनी, धरून ठेवलं म्हणून पुढे गेलं. बायका आणि मुलीच का लढताहेत? कोळसा खाणीत राबणाऱ्यांच्या गुडघ्याचा आजार २००९ मध्ये सरकारच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आला. ते योग्यच झालं. फुटबॉलपटूचा मेंदू आज या यादीत नाही.

म्हणून माझ्या मागण्या.

शनिवारी बेलफास्टमध्ये तात्पुरत्या बदलीचा विषय तुमच्या प्रतिनिधीने मांडावा. यंदाच्या कार्यक्रमात बसत नसेल तर पुढच्या सभेसाठी लेखी प्रस्ताव द्यावा. आणि २०२१ पासून या विषयावर तुम्ही कोणती भूमिका घेतलीत, कसं मत दिलंत, ते जाहीर करावं.

२०२२ च्या सूचनांचा नियम करावा. प्रत्येक व्यावसायिक क्लबने सरावातल्या हेडरची नोंद ठेवावी आणि ती बाहेरच्या वैद्यकीय माणसाने तपासावी.

बारा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांतूनही हेडिंग काढावं. त्यावरच्या मुलांच्या प्रत्येक सामन्यात, डोक्याला मार लागल्यावर खेळाडूला बाहेर काढण्याचा शेवटचा शब्द प्रशिक्षकाचा नसावा. एक जबाबदार माणूस आधीच ठरलेला असावा आणि त्याचं म्हणणं रेफरीवर बंधनकारक असावं.

माजी खेळाडूंसाठी स्कॉटलंडमध्येच कायमचा निधी हवा. इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये खेळाडूंची संघटना आणि प्रीमियर लीग यांनी दहा लाख पौंडांनी सुरुवात केली. तुमच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दरवर्षी त्यात जावा. घरच्यांना फोन करता येईल असा एक नंबर असावा आणि तो उचलणारं माणूस असावं. वेड लागायची पाळी आलेल्या बायकोला रात्री दोन वाजता संगणकावर अर्ज भरता येत नाही, हे मी रोज पाहते.

व्यवसायजन्य आजारांच्या यादीत या आजाराचा समावेश व्हावा, असं तुम्ही संस्था म्हणून लंडनच्या सल्लागार मंडळाला आणि होलीरूडला, म्हणजे स्कॉटिश संसदेला, लेखी कळवावं. तुमच्या लेटरहेडवरचं एक पत्र शंभर विधवांच्या पत्रांपेक्षा लवकर उघडलं जातं.

आणि मुलींचं. ग्लासगोचा अभ्यास पुरुषांचा होता, कारण त्या पिढ्यांत व्यावसायिक खेळाडू पुरुषच होते. आता मुली मोठ्या संख्येने खेळताहेत. त्यांच्या मेंदूचं काय होतं, हे पन्नास वर्षांनी मोजायची वाट पाहू नका. अभ्यास आजच सुरू करा आणि पैसे द्या.

हेडिंग खेळातून पूर्ण काढून टाका असं मी म्हटलेलं नाही. आप्पांची मुलगी आहे मी. उंच आलेल्या चेंडूवर डोकं लागतं तेव्हा अजूनही माझ्या पोटात काहीतरी हलतं. मोठ्या माणसाने सगळं समजून घेऊन काय करायचं ते त्याने ठरवावं. डेनिस लॉ यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. आप्पांनाही नाही.

१९७४ च्या एप्रिलमध्ये, मँचेस्टर सिटीच्या जर्सीत, लॉ यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर टाचेने जो गोल केला तो तुम्हाला आठवत असेल. आपल्या जुन्या क्लबवर केलेला गोल. हात वर गेला नाही. मान खाली घालून ते मैदानाबाहेर निघून गेले. युनायटेड तसाही खालच्या श्रेणीत जाणारच होता, पण त्यांना ते वर्षानुवर्षं सलत राहिलं. त्याच उन्हाळ्यात तुमच्याकडून ते विश्वचषकात झाईरविरुद्ध एक सामना खेळले आणि ऑगस्टमध्ये थांबले. त्यानंतर त्यांना पन्नास वर्षं मिळाली. त्यांतली शेवटची चार कशी गेली असतील, याचा अंदाज मी माझ्या कामावरून करू शकते, पण त्यांच्या घरच्यांचं दुःख त्यांचं आहे. मी त्यात शिरत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये, आजार जाहीर केल्यावर तीन महिन्यांनी, ते या गावात आले आणि प्रोव्होस्ट स्कीन हाउसजवळच्या स्वतःच्या पुतळ्याचं अनावरण त्यांनी स्वतः केलं. मी मुलाला घेऊन नंतर तिथे गेले होते. त्याने पुतळ्यासारखा हात वर करून फोटो काढून घेतला.

शनिवारी सकाळी साडेदहाला माझ्या मुलाचा सामना आहे. तुमची सभा बेलफास्टमध्ये भरेल तेव्हा मी इथे रेषेबाहेर उभी असेन. वरील मागण्यांना ३१ मार्चपर्यंत लेखी उत्तर मिळावं, आणि ते माझ्या एकटीच्या नावाने नको. सगळ्या पालकांना आणि माजी खेळाडूंच्या घरच्यांना वाचता येईल असं जाहीर असावं. ते आलं की त्याचा मराठी अनुवाद करून कोल्हापूरला पाठवायचं काम माझं.

आपली विश्वासू,
एका फॉरवर्डची मुलगी आणि एका फॉरवर्डची आई
ॲबर्डीन